‘बांटू’ शिक्षण आणि ‘उबुंटू’

१९५३ साली दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत एका मंत्र्याने प्रश्न केला होता : ज्या बांटू मुलाला गणित पुढे वापरायला मिळणारच नाही, त्याला ते शिकवून काय उपयोग? हा मंत्री कोणी अडाणी राजकारणी नव्हता. हेन्ड्रिक फेरवूर्ट हे त्याचे नाव. स्टेलनबॉश विद्यापीठात तो आधी उपयोजित मानसशास्त्राचा आणि नंतर समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. १९५८ ते १९६६ या काळात तो त्या देशाचा पंतप्रधानही झाला.

‘हे शिकून काय उपयोग?’ हा प्रश्न आपल्या वर्गातही अधूनमधून ऐकू येतो, आणि तो विचारणारे मूल बहुधा शहाणे असते. इथे मात्र प्रश्न मुलाने विचारलेला नव्हता. खाणींतली आणि कारखान्यांतली कुशल कामे कायद्याने गोऱ्यांसाठी राखून ठेवणाऱ्या सरकारचाच तो प्रश्न होता. आधी दार बंद करायचे आणि मग म्हणायचे, की दारच नाही तर किल्ली कशाला! हाच विचार पुढे ‘बांटू शिक्षण कायदा’ या नावाने आला आणि सुमारे चाळीस वर्षे शाळांवर राज्य करत राहिला. आज आफ्रिकी शिक्षणविचाराची चर्चा सुरू झाली की ‘उबुंटू’ हा शब्द हटकून येतो. त्याचा खरा अर्थ कळायचा तर या कायद्यापासूनच सुरुवात करावी लागते.

‘उबुंटू’ हे नाव आपल्यापैकी काहींनी शाळेच्या संगणकावर पाहिले असेल. २००४ साली निघालेल्या एका मोफत संगणक प्रणालीला तिच्या दक्षिण आफ्रिकी जनकाने ते दिले. शब्द मात्र फार जुना आहे आणि त्याची घडण पाहण्यासारखी आहे. झुलू, खोसा वगैरे भाषांत नामाच्या आधी एक उपसर्ग लागतो आणि त्यावरून ते नाम कोणत्या वर्गातले हे कळते. ‘न्टू’ हा मूळ भाग. ‘उमुंटू’ म्हणजे माणूस, ‘अबांटू’ म्हणजे माणसे आणि ‘उबुंटू’ म्हणजे माणूसपण. आपल्याकडे शब्दाच्या शेवटी जे घडते ते तिथे सुरुवातीला घडते, एवढाच फरक. आपण माणूस, माणसे, माणुसकी म्हणतो, तसेच हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्हेल्म ब्लेक नावाच्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या पुष्कळ भाषांत हे ‘माणसे’ या अर्थाचे रूप थोड्याफार फरकाने सापडते. म्हणून त्याने या भाषाकुलालाच ‘बांटू’ हे नाव दिले. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतही ते तिथूनच आले.

म्हणजे ‘बांटू शिक्षण’ या नावाचा शब्दशः अर्थ होतो ‘माणसांचे शिक्षण’. ज्यांना पूर्ण माणूस मानायचेच नाही असे ठरले होते, त्यांच्यावर हा शिक्का मारताना सरकारने त्यांचाच ‘माणसे’ हा शब्द उचलला. पुढे पुढे काळ्या लोकांना हे नाव शिवीसारखे वाटू लागले यात नवल नाही.

या कायद्याआधीची स्थिती काही फार चांगली होती असे नव्हे. काळ्या मुलांच्या बहुतेक शाळा ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या होत्या. त्या थोड्या होत्या, आणि मुलाला स्वतःच्या घरची रीत, गाणी, देवधर्म मागासलेला मानायला शिकवत. पण त्यांतल्या चांगल्या शाळांत अभ्यासक्रम गोऱ्या मुलांच्या तोडीचा असे. जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्स शाळेत १९४३ ते १९४७ या काळात गणित आणि विज्ञान शिकवायला ऑलिव्हर टांबो नावाचे तरुण शिक्षक होते. फोर्ट हेअर महाविद्यालयाचे ते विज्ञान पदवीधर. पुढे ते वकील झाले आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे परदेशातून सांभाळले. बांटू मुलाला गणिताचा काय उपयोग, हे या शाळेतल्या कोणत्याही विद्यार्थ्याने फेरवूर्टला सांगितले असते!

याच शाळेत टांबोंच्या काही वर्षे आधी एस्किया म्फाह्लेले शिकून गेले होते. या लेखात त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा यावे लागेल, कारण त्यांनी मोडलेल्या शाळा आतून पाहिल्या आणि आफ्रिकी माणूसपणाचा विचारही आयुष्यभर केला. त्यांचा जन्म १९१९चा, प्रिटोरियातल्या काळ्यांच्या वस्तीतला. पाचेक वर्षांचे असताना ते उत्तरेकडच्या माउपानेंग नावाच्या खेड्यात आजीकडे गेले. तिथे शेळ्या राखल्या, आणि रात्री गावच्या शेकोटीभोवती मोठ्यांच्या तोंडून गोष्टी ऐकल्या. त्या शेकोटीपाशी घंटा नव्हती, इयत्ता नव्हती आणि परीक्षाही नव्हती. पण कोण कोणाचा कोण लागतो, पाहुण्याशी कसे बोलावे, भांडण कसे मिटवावे हे सारे तिथे शिकवले जाई. गावातले कोणतेही मोठे माणूस कोणत्याही मुलाला रागावू शके, आणि खाऊही घालू शके. असे आपल्याकडच्या खेड्यांतही होते, असे वाचक म्हणतील, आणि ते खरेच आहे. म्फाह्लेले पुढे शिक्षक झाले ते अॅडम्स कॉलेजमध्ये शिकून. काही वर्षे त्यांनी अंधांच्या एका संस्थेत काम केले आणि मग ते ऑरलँडो हायस्कूलमध्ये रुजू झाले.

आता कायद्याकडे येऊ. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. पुढच्याच वर्षी काळ्यांच्या शिक्षणासाठी एक आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते वर्नर आयझेलेन. हेही प्राध्यापकच, विषय मानववंशशास्त्र. जर्मन मिशनऱ्यांच्या घरात वाढल्यामुळे त्यांना आफ्रिकी भाषा उत्तम येत. काळ्या माणसाची बुद्धी जन्मतः कमी असते हे मत त्यांनी १९२९ सालीच नाकारले होते. त्यांचा सारा भर संस्कृतीवर होता. प्रत्येक समाजाची संस्कृती वेगळी, म्हणून प्रत्येकाचे शिक्षण वेगळे. मुलाला त्याच्याच भाषेतून, त्याच्याच परंपरेतून शिकवावे. शाळा समाजापासून तुटलेली नसावी, तिच्या कारभारात पालकांना स्थान असावे.

इथे आपल्याला थोडे थांबावे लागते. यातले एकेक वाक्य सुटे करून एखाद्या शिक्षक-मेळाव्यात वाचले तर टाळ्या पडतील. मातृभाषेतून शिक्षण हवे असे आपणही म्हणतो. शाळा आणि परिसर यांचे नाते हवे असे आपणही म्हणतो. मग चुकले कुठे? आयझेलेन आणि फेरवूर्ट यांच्या हातात संस्कृती ही कुंपणाची तार झाली. तू अमुक संस्कृतीचा, म्हणून तुझी जागा तिथे. आणि त्या जागेत काय लागते ते आम्ही ठरवणार. १९५४ साली सिनेटपुढे बोलताना फेरवूर्टने ते उघडच सांगितले. गोऱ्यांच्या समाजात काही विशिष्ट मजुरीच्या पातळीपेक्षा वर काळ्या माणसाला जागा नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. मातृभाषेचे माध्यम आठ वर्षे, म्हणजे सारे प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत सक्तीचे झाले. पण त्या भाषेतून पुढे जायला ना महाविद्यालय होते ना नोकरी.

पैशाची व्यवस्थाही बोलकी होती. काळ्यांच्या शिक्षणासाठी सरकार दरवर्षी पासष्ट लाख पौंडांची ठरावीक रक्कम देणार. त्यावर जे लागेल ते काळ्यांनीच भरलेल्या करातून, म्हणजे त्या कराच्या चार-पंचमांशातून काढायचे. मुलांची संख्या वाढत गेली, रक्कम वाढली नाही. खालच्या वर्गांत दोन पाळ्या सुरू झाल्या. एकाच शिक्षकाने सकाळी एक वर्ग आणि मग दुसरा घ्यायचा, प्रत्येकी तीन तास. १९७५-७६ साली एका गोऱ्या विद्यार्थ्यामागे ६४४ रँड खर्च होत होता, एका काळ्या विद्यार्थ्यामागे ४२ रँड. संस्कृतीविषयीच्या त्या सुंदर वाक्यांचा हिशेब या दोन आकड्यांत आहे.

शिक्षकांपैकी काहींनी धोका लवकर ओळखला. ऑरलँडो हायस्कूलचे म्फाह्लेले आणि त्यांचे दोन सहकारी आयझेलेन अहवालाविरुद्ध बोलत आणि लिहीत राहिले. १९५२ साली तिघांनाही नोकरीवरून काढून टाकण्यात आले. कायदा होण्याच्या एक वर्ष आधी. सेंट पीटर्स चालवणाऱ्या मिशनने, शाळा सरकारच्या हवाली करण्यापेक्षा ती बंद करणे पत्करले. अॅडम्स कॉलेजचेही दिवस १९५६ साली भरले. पुढे शांततेचे नोबेल मिळालेले अल्बर्ट लुथुली एके काळी याच कॉलेजात शिक्षक होते.

एप्रिल १९५५मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने शाळांवर बहिष्कार पुकारला. जोहान्सबर्गच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत त्याला बराच प्रतिसाद मिळाला. सुमारे सात हजार मुलांना सरकारी शाळांची दारे बंद झाली. नोंदणीवाचून शाळा चालवणे हा गुन्हा होता, म्हणून ‘सांस्कृतिक मंडळे’ निघाली. तिथे फळा, खडू, पाठ्यपुस्तक काहीही दिसून चालत नसे, नाहीतर पोलीस ती शाळाच आहे असे धरत. मग इतिहास गोष्टीतून, हिशेब खेळांतून, भूगोल गाण्यांतून. हा प्रयोग फार काळ टिकला नाही. पैसा नव्हता, आणि पुढे परीक्षेचे काय याचे उत्तर नव्हते. पण गंमत अशी, की आयझेलेन ज्या ‘परंपरेतून शिक्षणा’बद्दल अहवाल लिहीत होते, ते प्रत्यक्षात त्यांच्या कायद्यातून पळ काढणाऱ्या या मंडळांत चालले होते.

शिक्षक घडवण्याचे कामही सरकारने सोडले नाही. अध्यापक विद्यालयांत ‘मूलभूत शिक्षणशास्त्र’ नावाचा विषय आला. हे शास्त्र असल्याने ते मूल्यनिरपेक्ष आहे, राजकारणाशी त्याचा संबंध नाही, असे त्याचे समर्थक सांगत. मूल म्हणजे अपुरे. त्याला प्रौढत्वाकडे नेणारा अधिकारी म्हणजे शिक्षक. मुलाने विश्वासाने मागे यायचे. हे पाठ करून हजारो काळे शिक्षक बाहेर पडले. ‘शास्त्र’ हा शब्द लावला की प्रश्न विचारायचा नाही, ही समजूत विज्ञानाच्या शिक्षकांनी तरी फार जपून हाताळावी.

१९७४ साली सरकारने आणखी एक आदेश काढला. गणित, अंकगणित आणि सामाजिक शास्त्रे आफ्रिकान्समधून शिकवायची. विज्ञान आणि हस्तोद्योगाचे विषय इंग्रजीतून. मातृभाषेचे एवढे कौतुक करणारे सरकार आता राज्यकर्त्यांच्या भाषेतून बीजगणित शिकवू पाहत होते. कित्येक शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती. सोवेटोतल्या एका शाळेतली मुले मे १९७६मध्ये संपावर गेली, आणि १६ जूनला हजारो विद्यार्थी मोर्चाने निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. पुढच्या काही महिन्यांत देशभर जे घडले त्यात ५७५ जण मरण पावले, असे सरकारी चौकशी आयोगानेच नोंदले. गणिताचा काय उपयोग, या प्रश्नाने सुरू झालेली गोष्ट गणिताच्या तासापाशीच पेटली.

म्फाह्लेले १९५७ साली देश सोडून गेले होते. नायजेरिया, फ्रान्स, केनिया, झांबिया, अमेरिका अशी वीस वर्षे त्यांनी बाहेर काढली. १९६६पासून मायदेशी त्यांचे लिखाण उद्धृत करायलाही बंदी होती. सोवेटोच्या पुढच्या वर्षी, १९७७मध्ये, ते परतले. वर्णभेदाचे राज्य असताना परत आल्याबद्दल अनेक सहकाऱ्यांनी त्यांना दोष दिला. एका विद्यापीठातली प्राध्यापकाची जागा सरकारने त्यांना मिळू दिली नाही. काही महिने ते लेबोवा भागात शिक्षण निरीक्षक होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या व्यवस्थेने काढून टाकले, त्याच व्यवस्थेच्या शाळा तपासत खेडोपाडी फिरायचे! पुढे जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात त्यांनी आफ्रिकी साहित्याचा विभाग उभा केला.

या वर्षांत त्यांनी ‘आफ्रिकी मानवतावादा’विषयी सातत्याने लिहिले. त्यांच्यापुढची अडचण समजून घेतली पाहिजे. आफ्रिकी संस्कृतीतून शिक्षण हवे असे म्हटले, तर ती बांटू शिक्षणाची भाषा वाटे. ते नाकारावे, तर मिशन शाळेने शिकवलेली स्वतःविषयीची लाज स्वीकारल्यासारखे होई. म्फाह्लेले यांनी यातून वाट काढली ती संस्कृतीला जागा न समजता नाते समजून. माणूस पूर्वजांशी, शेजाऱ्यांशी, जमिनीशी जोडलेला असतो. त्या जोडणीतून तो घडतो. आणि ज्याला ही जोडणी कळते तो बाहेरून येणारे इंग्रजी काव्य किंवा भूमिती घ्यायला भीत नाही. फेरवूर्टची संस्कृती माणसाला आत कोंडत होती. या संस्कृतीत परक्याला आत घ्यायची सोय होती.

झुलूत एक म्हण आहे, ‘उमुंटू ङ्गुमुंटू ङ्गबांटू’. माणूस माणूस होतो तो माणसांमुळे. आज उबुंटूचा अर्थ सांगताना हीच म्हण पुढे केली जाते. म्हण जुनी आहे, शब्दही जुना आहे. पण डॅनिश अभ्यासक क्रिस्तियान गाडे यांनी जुने छापील साहित्य तपासले तेव्हा त्यांना असे दिसले, की एकोणिसाव्या शतकापासून उबुंटू हा शब्द एक मानवी गुण या अर्थाने येतो. तत्त्वज्ञान म्हणून तो बराच उशिरा येतो. झिंबाब्वेच्या स्टॅनलेक सामकांगे यांचे त्यावरचे पुस्तक १९८०चे, त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्याच्या वर्षातले. आणि शब्दाची या म्हणीशी सांगड तर छापील लेखनात १९९३ ते १९९५च्या सुमारास पडलेली दिसते. यावरून काही जण म्हणतात, की हे सगळे अलीकडे रचलेले आहे. मला हे बरोबर वाटत नाही. ज्या समाजाला चाळीस वर्षे ‘माणसे’ या नावानेच कमी लेखले, त्याने मोकळे होताना त्याच धातूतून ‘माणूसपण’ उचलले, तर त्यात बनाव कसला?

१९९३च्या हंगामी राज्यघटनेच्या शेवटच्या भागात हा शब्द आला. सूड नको, समजूत हवी. बळी घेणे नको, उबुंटू हवे, अशा अर्थाने. ६ जून १९९५ रोजी घटना न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवली. त्यांतल्या अनेकांनी उबुंटूचा आधार घेतला. न्यायमूर्ती इव्होन मोकगोरो यांनी तर ती म्हणही निकालपत्रात दिली. खटला खुनाचा होता. खुनी माणूसही माणूसपणाच्या बाहेर टाकता येत नाही, असा त्याचा अर्थ. १९९६च्या कायम घटनेत मात्र हा शब्द राहिला नाही.

खुद्द आफ्रिकी तत्त्वज्ञांत या कल्पनेवर एक वाद आहे, आणि तो शिक्षकांच्या फार जवळचा आहे. माणूस माणसांमुळे होतो, तर जो अजून ‘झाला’ नाही तो कोण? नायजेरियाचे इफेन्यी मेनकिती यांनी १९८४ साली असे मांडले, की व्यक्तिपण जन्मतः मिळत नाही, समाजात वाढत वाढत ते कमवावे लागते, आणि त्यात माणूस नापासही होऊ शकतो. तान्हे मूल अजून पूर्ण व्यक्ती नाही. घानाचे क्वामे ग्येकये यांनी याला हरकत घेतली. समाज माणसाला घडवतो हे खरे. पण विचार करण्याची, बरे-वाईट निवडण्याची क्षमता त्याच्यात मुळातच असते, आणि तेवढ्यावर तो व्यक्ती असतो. समाजाने शिक्का मारेपर्यंत थांबावे लागत नाही. मेनकितींचे म्हणणे ऐकताना मला ते ‘मूलभूत शिक्षणशास्त्र’ आठवते, अपुऱ्या मुलाचे. त्यांचा हेतू निराळा होता यात शंका नाही, तरी कौल मी ग्येकये यांना देईन. मे २००८मध्ये दक्षिण आफ्रिकेच्याच वस्त्यांत शेजारच्या देशांतून आलेल्या गरीब कामकऱ्यांवर हल्ले झाले आणि ६२ माणसे मारली गेली. मरणाऱ्यांत काही स्थानिकही होते, परके समजून मारलेले. ‘आपल्या माणसांमुळे’ माणूस होणे आणि ‘माणसांमुळे’ माणूस होणे यांतले अंतर तिथे दिसले.

स्टेलनबॉश विद्यापीठात, म्हणजे फेरवूर्ट आणि आयझेलेन जिथे शिकवत तिथेच, शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक युसेफ वाघिद यांनी आफ्रिकी शिक्षण-तत्त्वज्ञानावर २०१४ साली एक पुस्तक लिहिले. त्याचा सारा रोख ‘माणूस असणे’ यावर आहे. त्याच्या पुढच्या वर्षी विद्यापीठाने आपल्या एका इमारतीतली फेरवूर्टच्या नावाची पाटी काढली.

शाळांपुरते पाहिले तर २००१ साली शिक्षण खात्याने शाळांसाठी दहा मूल्यांचा जाहीरनामा काढला. घटनेतून गेलेला उबुंटू हा शब्द त्यात, मानवी प्रतिष्ठेच्या जोडीने, परत आला. पण शब्द परत येणे सोपे असते. १९९९ साली आठवीच्या मुलांची गणित आणि विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. त्यात ३८ देश होते आणि दोन्ही विषयांत दक्षिण आफ्रिका शेवटची आली. ती परीक्षा दिलेली मुले शाळेत आली तेव्हा जुनी खाती मोडकळीला आली होती. पण त्यांचे शिक्षक बांटू शिक्षणात शिकलेले होते, आणि त्या शिक्षकांचे शिक्षकही.